धाकू मेस्त पेपर वाचतात

धाकू मेस्तांना अक्षरओळख बेताचीच होती. सही करायची म्हटली तरी ते आधी हात धुऊन यायचे. पण मालवणात त्यांच्याइतका मन लावून पेपर वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रस्त्याकडेला पत्र्याची शेड, तेच गॅरेज. आलेल्या गाडीखाली ते आधी पेपराचं पान पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि शेजारी उकिडवे बसून पान जुळवायला घ्यायचे, खायचं पान. तासाभराने खालचं पान अलगद बाहेर ओढायचं, उजेडाकडे धरायचं आणि वाचायला लागायचं. काळा डाग म्हणजे इंजिनाचं तेल. फिकट आणि बोटाला बुळबुळीत लागतो तो ब्रेकचा. कागद नुसताच फुगून सुरकुतला असेल तर पाणी.

"मेस्तानू, काय बातमी आज?" येणाराजाणारा हटकून विचारी.

"पयल्या पानार तेल, मागच्या पानार पाणी. बाकी देशात सगळा बरा आसा."

कागदाच्या बाबतीत मेस्त भारी चोखंदळ. रविवारची चकचकीत पुरवणी त्यांना चालायची नाही, कारण तिच्यावरून थेंब घसरतो. आमच्या घरची रद्दी त्यांना पसंत होती. मी शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे एकदा रद्दीबरोबर जगाचा एक फाटका नकाशाही तिकडे गेला. मेस्तांनी तो कुणाच्या तरी गाडीखाली अंथरला आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मला गाठलं. "बाईनू, असलो कागद परत देव नकात. पाणी नेमका समुद्रात पडला, दिसूकच नाय!"

दुसरी खोड म्हणजे 'झाला' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. नवं पॅकिंग घातलं, नट आवळले, गाडी सुरू झाली, गिऱ्हाईक किल्ली हातात घेऊन उभं, तरी "मेस्त, झालं ना?" या प्रश्नाला उत्तर एकच. "पेपर सांगतलो." मग पुन्हा पान, पुन्हा चार दगड, पुन्हा तासभर.

एकदा ओरोसहून एक साहेब सरकारी जीप घेऊन आले. साहेबांना मीटिंगला जायचं होतं आणि तासभर थांबायची सवय नव्हती. "काम झालंय तर झालं म्हणायला काय होतं हो तुम्हाला?" म्हणून ते गरजले. मेस्त शांतपणे पान जुळवत राहिले. तासाने कागद ओढला, निरखला आणि साहेबांपुढे धरला. "ब्रेकाचा तेल. पडला खंय तर मेलल्यांच्या फोटोंच्या पानार. आता बोला, जातास काय थांबतास?" साहेब निमूट बाकावर बसले. पुढे त्यांनी चहाही मागवला, आम्हा सगळ्यांना.

आमची गाडी मेस्तांकडे गेली ती नव्व्याण्णव साली. ह्यांच्या मामांनी मरताना आपली जुनी छोटी पांढरी गाडी आम्हाला दिली. ह्यांचा उत्साह कागदोपत्री नाव चढवण्यापुरताच. स्टिअरिंगवर बसलं की ह्यांना घाम फुटे. मग मी शिकले. माझं माहेर देवगडला, वडील तिथे एकटेच, त्यामुळे दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी आचऱ्यावरून देवगड गाठायची. बाई गाडी चालवते म्हणून अर्धं मालवण वळून बघायचं, पण मेस्तांनी मला कधी वेगळं काढलं नाही. गाडीचं नाव त्यांनी 'बगळो' ठेवलं आणि मला पहिल्याच दिवशी पान्हा हातात देऊन चाकाचे नट आवळायला लावले. "नट आवळूचो तो घोवाक आवळतत तसो. सुटता नये आणि मोडता नये," असं नवऱ्याचं उदाहरण देऊन ते घराच्या दारातल्या आपल्या बायकोकडे, सुलूकाकींकडे बघून हसले. काकींनी तिथूनच "शिरा पडो तुमच्या तोंडार!" म्हणून शिवी हासडली.

काकींनीच मला ते पेपराचं मूळ सांगितलं. मेस्त मूळचे देवगडचे. बाप होड्या बांधायचा, थोरला भाऊ बाबल आणि हे धाकटे, दोघेही त्याच कामात. होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ ठोकून बुजवायच्या, हे नाजूक काम. बाबलदादाने स्वतःची पहिली होडी बांधली तेव्हा उजवी बाजू त्याने बुजवली आणि डावी धाकूने. शेवटची वीतभर फट राहिली होती आणि देवळापुढे दशावताराचा पखवाज वाजायला लागला. धाकू तेव्हा बावीस वर्षांचा. "मरांदे, सकाळी करतंय," म्हणून जो पळाला तो नाटकातच रमला आणि सकाळी विसरला. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात लोटली. नारळ फुटून खोबरं वाटून होईस्तोवर डावी बाजू घोट्याएवढं पाणी प्यायली आणि नवी कोरी होडी वाळूत बसली. सगळ्या वाडीदेखत बाबलदादा म्हणाला, "धाकूच्या हाताक गळती आसा."

एवढंच वाक्य. त्याच संध्याकाळी धाकू देवगड सोडून मालवणात आले आणि इंजिनाच्या कामाला लागले, कारण इंजिनाला फळ्या नसतात. त्यानंतर तीस वर्षं भाऊ भावाशी बोलला नाही. सोयरसुतकातही एक या खांबाला आणि एक त्या खांबाला.

"इंजिनाकय गळती असता, ह्या ह्यांका मालवणात इल्यार कळला," काकी म्हणाल्या. "माका म्हणतत, एक दीस तरी दादान माझ्या हातचा सुक्या बगूक होया. दुसरा काय नको." सुक्या म्हणजे कोरडं, न गळणारं काम. सांगताना त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच मला सोलकढी आणून दिली. पखवाज ऐकू आला की मेस्त हातातला नट सोडून पुन्हा पहिल्यापासून का तपासतात, ते त्या दिवशी मला कळलं.

आणि अशा माणसाच्या वाट्याला माझा बगळा यावा!

दोन हजार एक सालच्या जानेवारीत बगळ्याचं पाणी कमी व्हायला लागलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या पाण्याला कूलंट म्हणतात, हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. मेस्तांच्या लेखी ते नुसतं पाणी, आणि तेही आपल्या विहिरीचं. देवगडला जाऊन यावं, तर तांब्या दीड तांब्या कमी. मेस्तांनी पान अंथरलं. तासाने ओढलं. पान कोरडं ठाक!

"गळणा नाय," मेस्त म्हणाले.

"मग पाणी जातं कुठे?"

"ताच म्हणतंय मी. जाता खंय?"

त्यांनी रेडिएटरचं झाकण बदललं, रबरी नळ्या बदलल्या, सगळ्या क्लिपा बदलल्या. पुन्हा पान, पुन्हा कोरडं. आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दीड तांब्या गायब. मेस्तांचा चेहरा उतरला. "पाणी आणि पावणो, दोगांकय वाट दाखवूची लागणा नाय," असं ते एरवी ऐटीत सांगायचे, पण या पाण्याची वाट काही त्यांना दिसेना. माझ्याकडेही ते संशयाने बघायला लागले. "बाईनू, वाटेत कोण काढून घेणा नाय मा?" मी म्हटलं, मेस्तानू, देवगडात अजून एवढा दुष्काळ पडलेला नाही. ते हसले नाहीत. काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन दीस धड जेवणत नाय. रात्री उठान हातच बगतत." तेव्हा मात्र मला माझ्या गाडीची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी देवगड बंदराच्या अलीकडच्या वळणावर बगळ्याने मान टाकली. काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ. मी गाडी एका फणसाखाली घेतली. समोरच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक म्हातारे गृहस्थ वल्हं तासत बसले होते. ते उठून आले.

"झाकणाक हात लावू नको गो बाय, तोंडार येतला! निवांदे."

गाडी निवेस्तोवर त्यांनी मला घोटभर पाणी आणि गूळ दिला. मग स्वतः झाकण उघडलं, आत डोकावले आणि घरात हाक मारून हळदीचा डबा मागवला. रेडिएटरमध्ये हळद घातली की बारीक गळती बंद होते, हा आमच्याकडचा जुना तोडगा. नळी असो की नाक, हळद चालते. त्यांनी मूठभर हळद आत सोडली आणि वरून पाणी ओतलं.

"गाडी दाखवतंस कोणाक?" त्यांनी विचारलं.

"मालवणात, धाकू मेस्तांना."

म्हाताऱ्यांचा हात डब्यावर थांबला. मी पहिल्यांदाच त्यांच्या कानांकडे नीट पाहिलं. कपाच्या कानासारखे बाहेर आलेले, अगदी धाकू मेस्तांचेच कान! म्हणजे हे बाबलदादा! बाबलदादांनी डबा पुन्हा उघडला.

"मगे आणखी एक मूठ घालूया," ते म्हणाले.

सोमवारी मी गाडी गॅरेजात नेली. हळदीचं सांगायचंच नाही असं ठरवलं होतं, पण झाकण उघडल्याबरोबर मेस्तांनी नाक आक्रसलं. "बाईनू, ह्या काय? हळद घातलात ती घातलात, आता फोडणी कधी देतास?" मग जी काही सरबत्ती सुरू झाली! इंजिन म्हणजे काय बांगड्याचं तिखलं आहे काय, नळ्या तुंबल्या म्हणजे कोण जबाबदार, शिकल्यासवरल्या माणसाने असं करावं काय. 

"कोणी सांगितल्यान तुमका?"

"देवगडात एकानी."

"कोणी?"

मी कानांचं सांगितलं, वल्ह्याचं सांगितलं. जास्तीच्या मुठीचं सांगणार नव्हते, पण तेही तोंडातून गेलं. मेस्त ओट्यावर बसले. बराच वेळ त्यांनी पानाच्या डब्याला हात लावला नाही. मला वाटलं, आता म्हणतील, घेऊन जा तुमचा बगळा. पण ते उठले ते तावातावाने, आणि सगळं इंजिनच खालीवर पाहायला लागले. हवेच्या गाळणीचं मोठं डबडं त्यांनी काढून ठेवलं, कार्बेटर उघडा पडला, आणि मेस्त तिथेच वाकून राहिले.

"बाईनू, हयसर येवा."

मी वाकून पाहिलं. कार्बेटर जिथे इंजिनावर बसतो, तिथे बुडाला सभोवार पिवळीधम्मक रेघ उमटली होती. खाली इंजिनाच्या खोलगट जागेत हळदीची वाळलेली खपली.

आता त्यातली गंमत अशी. थंड मुलखात पेट्रोल नीट जळावं म्हणून त्या गाडीत कार्बेटरच्या बुडाखालून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. मालवणात थंडी म्हणजे पहाटे पंखा एकवर करणं! पण वाट ठेवली म्हणून पाणी जातं, आणि त्या वाटेवरचं पॅकिंग कुजलं होतं. पाणी थेंबथेंब झिरपायचं, तापल्या इंजिनावर पडायचं आणि तिथेच उडून जायचं. गाडीखालच्या पेपरापर्यंत थेंब पोचणार कुठून? इतके दिवस नुसतं पाणी उडत होतं, मागे काहीच राहत नव्हतं. हळद मात्र मागे राहिली.

"मी खालचो पेपर वाचित होतंय," मेस्त हळूच म्हणाले, "बातमी वर होती." मग खपलीवर बोट फिरवत म्हणाले, "आणि वाचून दाखवल्यान कोणी, तर त्यान."

मी सुचवलं की इथे थंडी नाहीच, तर ते पाणी बाहेरच्या बाहेर वळवून वाटच बंद करून टाकू. मेस्त चिडले. "गळता म्हणान वाट बंद केली तर गळती माझी ती माझीच ऱ्हवली!"

त्यानंतरचे दोन दिवस गॅरेजात दुसरी गाडी आली नाही, म्हणजे आली पण मेस्तांनी घेतली नाही. आधी पाणी सोडून सगळी कढी बाहेर काढली आणि इंजिन तीनदा धुतलं. कार्बेटर उतरवला. त्याचं बूड तापून तापून किंचित वाकलं होतं. नुसतं नवं पॅकिंग घालून भागणार नव्हतं. बूड सपाट करायला त्यांना अगदी सपाट जागा हवी होती. ती सुलूकाकींच्या आरशात मिळाली. आरशावर पॉलिश पेपर ठेवून मेस्त कार्बेटरचं बूड आठाच्या आकड्यात घासत राहिले, आणि काकी दारात उभ्या राहून, "कुकू लावूक आता मी विहिरीत बगू?" म्हणून विचारत राहिल्या. मग पॅकिंगचा कागद बुडावर ठेवून कडेकडेने हातोडीची हलकी टिचकी, टिक् टिक् टिक्, अर्धा तास. कागद आपोआप हवा तसा कापला गेला. लांबवर कुठेतरी कोणी पखवाजाचा सराव करत होतं. मेस्तांनी चारही नट सोडले आणि पुन्हा पहिल्यापासून आवळले.

"झालं?" मी मुद्दामच विचारलं.

मेस्तांनी रद्दीतला एक पेपर निवडला आणि घडी करून बाजूला ठेवला.

शनिवारी शाळा सुटून मी घरी आले तर फाटकाशी मेस्त उभे. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, काखेत पेपराची घडी. "लांबचो रस्तो होयो," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "टेस्ट घेऊची आसा." मी गाडी काढली. आचरा गेलं, मिठबाव गेलं, कुणकेश्वरचा समुद्र दिसला, तरी मेस्तांची नजर तापमानाच्या काट्यावरच. काटा जागचा हलला नव्हता. बंदराच्या अलीकडचं वळण आलं.

"हयसर थांबवा. तापला हा."

इंजिन तापलेलं नव्हतं. मी फणसाखाली गाडी लावली.

खळ्यात बाबलदादा वल्हं तासत होते. त्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मेस्तांनी बॉनेट उघडलं, डबडं काढलं, इंजिन चालूच ठेवलं. पेपराच्या एका पानाची पट्टी करून कार्बेटरच्या बुडाखाली त्या खोलगट जागेत सरकवली आणि गाडीला पाठ लावून उभे राहिले. तासाचं काम होतं. इकडे बगळा घुरघुरतोय, तिकडे खळ्यात वल्ह्यावर तासणी चालते आहे, आणि मध्ये मी, दोघांच्या कानांकडे आळीपाळीने बघत. शाळेत परीक्षेच्या वेळी पहारा करतानाही माझा जीव एवढा टांगणीला लागला नव्हता.

तासणीचा आवाज थांबला. बाबलदादा उठले, घरात जाऊन चष्मा घेऊन आले आणि सरळ गाडीपाशी गेले. मेस्त बाजूला झाले. बाबलदादांनी वाकून स्वतःच्या हाताने ती पट्टी ओढली, उलगडली, उजेडाकडे धरली. पुढून पाहिली, मागून पाहिली. मग अंगठ्याने सबंध पान चाचपलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मेस्त आपल्या दोन्ही हातांकडे बघत होते.

"सुक्या आसा," बाबलदादा म्हणाले.

मग चष्म्यावरून त्यांनी मेस्तांकडे पाहिलं.

"हळद किती घातलंस?"

"चिमूटय नाय."

बाबलदादांनी पान नीट घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं आणि घराकडे तोंड करून ओरडले, "आयकलास गो? धाकू इलो हा. त्याका ताट वाड."

मला एकदम रडू आलं. मेस्तांनी डबडं जागेवर बसवून बॉनेट लावल्याबरोबर मी स्टिअरिंगवर बसले आणि वडिलांकडे निघून गेले. शिवाय काकींना हे सांगायला मला फोन गाठायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत जाताना मेस्तांना घ्यायला मी फणसाखाली थांबले. दोघे पडवीत बसले होते. बाबलदादांच्या नाकावर चष्मा आणि हातात तेच पान, सुरकुत्या सरळ केलेलं. ते मोठ्याने वाचून दाखवत होते, एकेका ओळीवर बोट ठेवून. महिन्यापूर्वीची रद्दी होती ती. "होतकरू तरुण पाहिजेत," त्यांनी वाचलं, आणि मेस्त डोळे मिटून म्हणाले, "माका जमूचा नाय, सांग त्यांका. फुडे वाच."

मी हॉर्न वाजवला. मेस्तांनी डोळे उघडून हात केला, पण उठले नाहीत.

"तुमी जावा बाईनू," ते म्हणाले. "बगळ्याचा झाला. हयसर पेपर अजून अर्धोच झालो हा."